गिऱ्हाइकाच्या पावलाची किंमत

घरांतील एखाद्या लेकीनें किंवा सुनेनें आपल्या हातच्या गुणावर लहानसा धंदा काढावा, इंटरनेटवर त्याचें दुकान मांडावें, आणि वर्ष-सहा महिन्यांत “मिळविलें तें जाहिरातींतच गेलें” म्हणून तें आवरतें घ्यावें, असा अनुभव आज पुष्कळ कुटुंबांना येत आहे. मालांत खोट नसते, मेहनतींत कसूर नसते. चुकलेला असतो तो एक हिशेब. त्यांतून भांडवल एकत्र कुटुंबाच्या पेटींतून निघालेलें असलें, म्हणजे तोटा वहीवर थांबत नाहीं. तो जेवणाच्या पंक्तींत येऊन बसतो, आणि पुढें त्या मुलीनें कांहीं नवें काढावयाचें म्हटलें कीं वडील मंडळींचा हात आखडतो. म्हणून दर टिचकीस पैसे मोजून करावयाच्या जाहिरातींचा जमाखर्च या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

वर्तमानपत्रांतील जाहिरातीचा दर जागेवर ठरतो. ती कोणी वाचो वा न वाचो, पैसे द्यावेच लागतात. या दुसऱ्या पद्धतींत जाहिरात नुसती दिसल्यास कांहीं पडत नाहीं. कोणी तिच्यावर टिचकी मारून दुकानाच्या पानावर आला, कीं त्या येण्याचे पैसे आकारले जातात. अमेरिकेंत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या शोधस्थळानें १९९८ सालीं ही पद्धत रूढ केली; तेव्हां एका सेंटापासून बोली लावतां येई. गूगलनें आपली जाहिरातयोजना ऑक्टोबर २००० मध्यें ३५० जाहिरातदारांवर सुरू केली आणि २००२ सालीं लिलावानें टिचकीचा दर ठरविण्याची रीत स्वीकारली.

हा लिलाव बाजारांतल्यासारखा दिवसांतून एकदां होत नाहीं. कोणी कांहीं शोधलें कीं त्याच क्षणीं, डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होतो. त्यांत नुसत्या मोठ्या बोलीनें वरची जागा मिळते असें नाहीं. जाहिरात व तिच्यामागचें पान शोधणाऱ्याच्या गरजेशीं किती जुळतें, हेंही जमेस धरतात. त्यामुळें नेटकें पान असलेल्या लहान दुकानदारास मोठ्या पेढीपेक्षां कमी दरांत वरची जागा मिळणें शक्य असतें. मात्र एकाच शब्दावर बोली लावणारे वाढले, कीं सर्वांचाच दर चढतो.

आतां प्रत्यक्ष हिशेब पाहूं. समजा, घरीं केलेल्या गोड्या मसाल्याची सरासरी मागणी ६०० रुपयांची असते, आणि सामान, बांधणी व टपालखर्च वजा जातां तींतून १८० रुपये सुटतात. पानावर येणाऱ्या शंभर माणसांपैकीं दोघांनीं खरेदी केली, तर शंभर टिचक्यांमागें मिळकत झाली ३६० रुपयांची. म्हणजे एका टिचकीला ३ रुपये ६० पैशांहून अधिक देणें परवडत नाहीं. त्यांत जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के वस्तु-व-सेवाकर पडतो. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्यास तो सामान्यतः वळता करून घेतां येतो. नोंदणी नसलेल्या घरगुती धंद्यास तो अंगावर घ्यावा लागतो. घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें, तशांतली ही गत. कर धरला म्हणजे परवडणारा दर ३ रुपये ५ पैशांवर येतो. लिलावांत तोच दर ९ रुपये निघाला, तर शंभर टिचक्यांचे ९०० व कराचे १६२ मिळून १,०६२ रुपये खर्चून ३६० रुपये हातीं आले; ७०२ रुपये पदरचे गेले. आणि गंमत अशी, कीं वहीवर विक्री १,२०० रुपयांची दिसते, म्हणून धंदा वाढतो आहे असेंच सर्वांना वाटत राहतें!

परंतु एवढ्यावरून ही जाहिरात सर्वथा त्याज्य आहे असें कोणी समजूं नये. त्याच दोन गिऱ्हाइकांना मसाला आवडला आणि वर्षांत प्रत्येकानें चार वेळां मागविला, तर मिळकत १,४४० रुपये होते व खर्च वजा जातां ३७८ रुपये उरतात. तेंच एका पैठणीमागें ३,००० रुपये सुटत असतील, तर शंभरांत एकानें घेतली तरी टिचकीमागें ३० रुपयांपर्यंत जाण्यास हरकत नाहीं. तेव्हां दर स्वस्त कीं महाग, हें बाजारावरून ठरत नाहीं. आपल्या मालांत किती सुटतें, शंभरांत किती घेतात आणि किती परत येतात, यांवरून ठरतें.

याहून नाजूक प्रश्न असा, कीं जाहिरातीवरून आलेलें गिऱ्हाईक जाहिरात नसती तर आलेंच नसतें काय? ईबे या मोठ्या अमेरिकन पेढीनें हें ताडून पाहिलें. मार्च २०१२ मध्यें तिनें याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधस्थळांवर स्वतःच्या नांवावरील जाहिराती बंद केल्या. तेव्हां जाहिरातीवरून येणाऱ्यांपैकीं ९९.५ टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून तसेच येत राहिले. इतर शब्दांवरील जाहिरातींची परीक्षा घेतां असें दिसलें, कीं बराचसा पैसा नेहमींच्या गिऱ्हाइकांवरच खर्च होत होता. परिणाम झाला तो नव्या व क्वचित् येणाऱ्या लोकांवर. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को व स्टीव्हन टाडेलिस यांचें हें संशोधन ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालें.

ईबेचें नांव जगजाहीर. आपल्या मसाल्याचें तसें नाहीं. लहान धंद्यांविषयींही एक प्रयोग झालेला आहे. येल्प या अमेरिकन स्थळावरील १८,००० हून अधिक उपाहारगृहांपैकीं सुमारें ७,२०० चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडून त्यांची तीन महिने जाहिरात करण्यांत आली. त्यांचें पान पाहणारे सरासरी २५ टक्क्यांनीं वाढले. पण जाहिरात थांबतांच ती वाढही नाहींशी झाली. अनोळखी दुकानास जाहिरात उपयोगी पडते, पण ती भाड्याच्या दिव्यासारखी आहे, इतका बोध यांतून घ्यावा.

पैसा गळण्याच्या जागाही ठाऊक असाव्यात. ‘गोडा मसाला’ एवढ्याच शब्दांवर बोली लावली, तर मसाल्याची कृती शोधणाऱ्या सुगरणीही आपल्या खर्चानें पानावर येतात. त्यांना मसाला घरीं करावयाचा असतो, विकत घ्यावयाचा नसतो. म्हणून ‘कृती’सारखे शब्द वर्ज्य म्हणून आधींच नोंदवावे. माल फक्त पुण्यांत पोंचवावयाचा असेल, तर पुण्याविषयीं आस्था असलेल्या दूरदेशच्या लोकांसही जाहिरात दिसते कीं काय, तें पाहून ती सोय बंद करावी. रोजची मर्यादा ठरविली तरी गूगलच्या नियमानुसार एखाद्या दिवशीं दुपटीपर्यंत खर्च होऊं शकतो; म्हणून महिन्याची बेरीज करून मगच रोजचा आंकडा लिहावा. खोट्या टिचक्यांचाही उपद्रव असतो. त्यांवरून अमेरिकेंत अर्कान्सास राज्यांतील एका दाव्यांत गूगलनें २००६ सालीं ९ कोटी डॉलरांपर्यंतची तडजोड मान्य केली होती. अशा टिचक्या गाळण्याची व्यवस्था असते, तरी आलेल्या बिलावर आपलीही नजर हवी.

आमची सूचना अशी. प्रथम ओळखीच्या मंडळींत माल विकून एका मागणीमागें काय सुटतें तें नक्की करावें. मग दोन-तीन महिन्यांपुरती ठराविक रक्कम जाहिरातीस काढावी, आणि ती परत न आल्यास कोणीं कोणास बोल लावूं नये, हें घरांत आधींच बोलून ठरवावें. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास आमचें नांव कोठून कळलें तें विचारून वहींत टिपावें. मध्यें पंधरा दिवस, सणावाराचे सोडून, जाहिरात थांबवून विक्रीत काय फरक पडतो तेंही पाहावें. ही वही लिहिण्याचें काम घरांतील निवृत्त आजोबांकडे किंवा कॉलेजांतील दिराकडे द्यावें. आंकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर असले, म्हणजे जाहिरात चालू ठेवावी कीं बंद करावी हें वहीच सांगते. सुनेच्या धाडसाला किंवा सासूबाईंच्या सावधगिरीला दोष देण्याचें कारण उरत नाहीं.