मानवणारा वास

साडी घेताना पदर उलगडून, दाराशी उजेडात नेऊन बघणारी माणसं परफ्यूम मात्र कागदाच्या पट्टीवर दोन सेकंद हुंगतात आणि घेऊन टाकतात. कागदाला घाम येत नाही, तो उन्हातून सायकलही मारत नाही. वास लावायचा अंगावर, मग पारखायचा कुठे? अंगावरच!

कारण साधं आहे. बाटलीतले सगळे घटक एकदम उडत नाहीत. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास आधी जातात, मग फुलांचे. शेवटपर्यंत टिकतात ते चंदनासारखे जड वास. दुकानात आपण भुलतो पहिल्या पाच मिनिटांना आणि संसार करावा लागतो पुढच्या पाच तासांशी. (स्थळं बघतानाही असंच होतं म्हणा!) म्हणून मनगटावर थोडासा लावावा, काही न घेता घरी यावं आणि संध्याकाळी ठरवावं.

दुसरी गोष्ट हवेची. आमच्या धानोऱ्याला मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही. थंड देशातल्या गारठ्यासाठी बनवलेला उग्र गोड वास इथे डोकं उठवतो. त्यात आपल्याच वासाची आपल्या नाकाला थोड्या वेळात सवय होते. लावणाऱ्याला वाटतं उडाला, म्हणून तो आणखी मारतो आणि मुरूमगावच्या एसटीत शेजारचा बिचारा खिडकी उघडतो.

अत्तरवाले याबाबतीत शहाणे. उन्हाळ्यात वाळा नाहीतर मोगरा, थंडीत हिना. कानात एक फाया, बस्स. जवळ येईल त्यालाच कळावं. वाळा तर आपल्या घरचाच. माठात त्याची जुडी असते, दिवाळीच्या उटण्यातही तो असतो. कनौजला तांब्याच्या डेगीत फुलं आणि पाणी उकळतात आणि ती वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात. भाजलेल्या मातीचंही अत्तर काढतात. पहिल्या पावसाच्या वासाला बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'पेट्रिकोर' असं नाव दिलं, त्याआधीच आपल्याकडे तो कुपीत भरला जात होता.

भांडं, नळी, वाफ, थंड पाणी... आमच्या भागात ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नाही. फक्त इथे फूल मोहाचं असतं. :) गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. स्प्रेच्या बाटलीत मात्र बहुतेक अल्कोहोलच असतं आणि ती राजरोस विकली जाते. असो.

मोहावरून मूळ मुद्द्यावर येतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह गळतो. बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, मग अंगणात फुलं वाळत पडतात. तो जड गोड वास आणि चुलीचा धूर कपड्यांत मुरतो. इथली मुलं शिकायला गडचिरोली-नागपूरला जातात तेव्हा हा वास बॅगेतून सोबत जातो. कुणीतरी नाक मुरडतं. मग पैसे जमले की पहिली खरेदी होते बॉडी स्प्रेची. सुट्टीत घरी आलेला मुलगा आईनं जवळ घेण्याआधी अंगावर दोनदा फवारा मारतो, हे मी पाहिलंय.

चुलीच्या धुराचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या धुरात आईचे डोळे चुरचुरतात. गॅस यावा, धूर जावा. मुलानं स्प्रे मारावा, अगदी महागडा मारावा. माझा आक्षेप एवढाच, की आवडला म्हणून लावलेला वास वेगळा आणि लाज वाटते म्हणून लावलेला वेगळा. लाज झाकायला मारलेला फवारा पुरत नाही, कारण झाकायचं ते कपड्यांवर नसतंच, समोरच्याच्या नाकात असतं. तिथे कुठलं अत्तर लावणार?

आपल्याकडे औषध, पाणी, हवा 'मानवते' असं म्हणतात. वासाचंही तसंच. जो लावून आपण घरच्या माणसांत आणि परक्या गावात सारख्याच मोकळेपणानं बसू शकतो, तो आपल्याला मानवला. मग तो हजाराचा असो की दहा रुपयांच्या वाळ्याच्या जुडीचा.