पगाराची मर्यादा आणि तिच्यातून काढलेल्या वाटा

१४ जानेवारी १९६४. बॉस्टन गार्डनमध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना व्हायचा होता. प्रेक्षक बसले होते, दूरचित्रवाणीचे कॅमेरे लागले होते, आणि खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायला तयार नव्हते. बिल रसेल, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन असे त्या काळचे सगळे मोठे खेळाडू आत होते. मागणी पेन्शनची होती. लीगचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी शब्द दिला तेव्हाच सामना सुरू झाला. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष तेव्हा टॉम हाइनसन होते आणि वकील लॅरी फ्लायशर.

पगारमर्यादेवर लिहिताना इतक्या मागे जाण्याला कारण आहे. ‘ट्रेड एक्सेप्शन’ हा प्रकार आज बास्केटबॉलच्या बातम्यांत हिशेबनिसांची करामत म्हणून येतो. अमुक संघाकडे इतक्या कोटींची एक्सेप्शन आहे, ती अमुक तारखेला संपते, एवढेच वाचकाला कळते. ही सवलत मुळात कामगार आणि मालक यांच्यातल्या दीर्घ झगड्यातून आली, हे मात्र सांगितले जात नाही.

त्या काळी खेळाडू एकदा एका संघाचा झाला की त्याच संघाचा राहायचा. संघ त्याला विकू शकत होता, तो स्वतः जाऊ शकत नव्हता. १९७० मध्ये रॉबर्टसन यांनी लीगला न्यायालयात खेचले. खटला न्यायमूर्ती रॉबर्ट कार्टर यांच्यापुढे चालला. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ऐतिहासिक लढ्यात वकील म्हणून उभे राहिलेले ते हेच कार्टर. १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला संघ बदलण्याची वाट मोकळी झाली. पगार वाढू लागले. १९८० नंतर मालक तोट्याच्या तक्रारी करू लागले, आणि मार्च १९८३ च्या अखेरीस, संपाची मुदत तोंडावर आलेली असताना, फ्लायशर आणि संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब लॅनियर यांनी एक अवघड गोष्ट मान्य केली. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा येईल, १९८४-८५ च्या हंगामात ती प्रत्येक संघाला ३६ लाख डॉलर असेल. मात्र लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना मिळालाच पाहिजे आणि मर्यादेला अपवाद असले पाहिजेत. स्वतःचा खेळाडू टिकवण्यासाठी संघाला मर्यादा ओलांडता येईल, ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध सवलत. बॉस्टनच्या लॅरी बर्डचे नाव तिला चिकटले ते कायमचे.

या मर्यादेचा फटका लिऑन वुड या तरुणाला बसला. १९८४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याची निवड केली, पण संघ आधीच मर्यादेवर होता, म्हणून त्याच्यापुढे ठेवला एका वर्षाचा ७५ हजार डॉलरचा करार. वुड न्यायालयात गेला आणि १९८७ मध्ये अपिलातही हरला. संघटनेने वाटाघाटी करून मान्य केलेली अट एकटा खेळाडू मोडू शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तोच वुड पुढे अनेक वर्षे एनबीएमध्ये पंच होता. मर्यादा फुकट आली नव्हती, हे त्याच्याकडे पाहून कळते. अपवाद हवेत असा आग्रह संघटनेने का धरला असेल, तेही कळते.

आजची ट्रेड एक्सेप्शन ही याच अपवादांच्या कुळातली, पुढच्या करारांत वाढत गेलेली. मर्यादेच्या वर असलेल्या संघाला बाहेरचा मोकळा खेळाडू हवी ती रक्कम देऊन घेता येत नाही. अदलाबदल करता येते, पण जेवढा पगार बाहेर गेला साधारण तेवढाच आत यावा लागतो. कधी समोरून कमी पगाराचा खेळाडू येतो, कधी कोणीच येत नाही. मग उरलेला फरक संघाच्या नावे वर्षभर जमा राहतो. कापडाच्या दुकानात साडी परत केल्यावर हातात मुदतीची चिठ्ठी मिळते, तसेच हे: रोकड नाही, पण तेवढ्या किमतीची वस्तू नंतर उचलता येते. ही सवलत तुकड्यातुकड्यांनी वापरता येते. दुसऱ्या सवलतीत किंवा एखाद्या खेळाडूच्या पगारात मिसळून मोठा खेळाडू मात्र आणता येत नाही. वर्ष उलटले की ती रद्द.

बॉस्टन सेल्टिक्सचेच उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गॉर्डन हेवर्डने शार्लटला जायचे ठरवले. तो तसाच निघून गेला असता तर बॉस्टनच्या हाती काहीच उरले नसते, कारण संघ मर्यादेच्या वर होता. म्हणून बॉस्टनने त्याच्याशी करार करून त्याला शार्लटकडे पाठवले, वर नवोदित खेळाडूंच्या निवडीतले दुसऱ्या फेरीचे दोन हक्कही दिले, आणि २ कोटी ८५ लाख डॉलरची एक्सेप्शन मिळवली. तोवरची ती सर्वांत मोठी होती. मार्च २०२१ मध्ये तिच्यातल्या सुमारे १ कोटी ७० लाखांत ऑरलँडोहून एव्हान फोर्निए आला. काही महिन्यांत तोही न्यूयॉर्कला गेला आणि त्याच्या जाण्यातून नवी एक्सेप्शन जन्मली. जुलै २०२२ मध्ये ती न वापरताच संपली. गोल्डन स्टेटने २०१९ मध्ये आंद्रे इग्वाडालाला मेम्फिसला पाठवून अशीच १ कोटी ७२ लाखांची जागा राखली होती. पुढच्या वर्षी क्ले थॉम्पसन जखमी झाला तेव्हा त्या जागेतूनच केली उब्रे आला.

या हिशेबात खेळाडूला बहुतेकदा कोणी विचारत नाही, हे खरे आहे. इग्वाडालाला मेम्फिसला जायचे आहे का, हा प्रश्नच नव्हता. तिथे तो एकही सामना खेळला नाही. तरीही ही वाट बंद झाली तर नुकसान खेळाडूंचेच आहे, असे माझे मत आहे. संघाला पगार सामावून घेता आला तरच उब्रेसारख्याला मागणी राहते.

आणि ती वाट अरुंद होत चालली आहे. १९९८-९९ च्या टाळेबंदीने हंगाम ५० सामन्यांवर आणला आणि प्रत्येक खेळाडूच्या पगारावर वेगळी कमाल मर्यादा लादली. २०११ च्या टाळेबंदीने खेळाडूंचा ५७ टक्क्यांवर पोचलेला वाटा ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान खाली ओढला. २०२३ च्या कराराला टाळेबंदी लागलीच नाही. त्यात मर्यादेच्याही वर असलेली ‘एप्रन’ नावाची रेषा कडक झाली आणि तिच्या वर दुसरी आखली गेली. पहिलीच्या वर गेलेल्या संघाला मागल्या वर्षीची ट्रेड एक्सेप्शन वापरता येत नाही. दुसरीच्या वर गेले की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडूही आणता येत नाही. २०२५-२६ साठी मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलरची आणि दुसरी रेषा २० कोटी ७८ लाखांची ठरली. बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले आणि वर्षभरात जरू हॉलिडे व क्रिस्टाप्स पोर्झिंगिस यांना सोडले. जेसन टेटमची दुखापत हे एक कारण होते. दुसरी रेषा हे त्याहून मोठे. २०२५ मध्येच हा संघ ६१० कोटी डॉलरना विकला गेला. संघाच्या किमतीवर मर्यादा नाही.

आयपीएलच्या वाचकाला हे परके वाटू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले, तेव्हा पर्समध्ये, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायच्या ठरलेल्या रकमेत, जागा करण्यासाठी कॅमेरॉन ग्रीनला बंगळुरूला द्यावे लागले. २०२५ च्या हंगामासाठी ही पर्स १२० कोटी रुपये होती आणि तो आकडा क्रिकेट मंडळाने ठरवला. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन क्रिकेटर्स असोसिएशनचे सदस्य निवृत्त खेळाडू आहेत. आज मैदानावर असलेल्यांच्या वतीने हा आकडा किती असावा आणि त्याला कोणते अपवाद असावेत, हे मंडळासमोर बसून विचारणारी संघटना भारतात नाही. ती व्हायला हवी.