गोल शेवटी होतो, गळती आधीच सुरू झालेली असते



आपल्या चॅनलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच. "सर, सेल वाढवायचा कसा?" पण "सर, आलेला पैसा जातो कुठं, ते कसं शोधायचं?" असं विचारणारे फार थोडे. म्हणून आज जरा फुटबॉलवर बोलतो. तुम्ही फुटबॉल बघत नसाल तरी चालेल, गोष्ट तुमच्या-माझ्या गल्ल्याचीच आहे.

इंग्लंडमधला लिव्हरपूल हा जुना आणि मोठा क्लब. 2013-14 च्या सीझनमध्ये त्यांनी लीगच्या 38 मॅचमध्ये 101 गोल केले. एकट्या लुईस सुआरेझचे त्यात 31. एवढं करूनही ट्रॉफी हुकली. मँचेस्टर सिटी 86 पॉइंट्सवर पहिली, लिव्हरपूल 84 वर दुसरी. कारण आकड्यांतच आहे. लिव्हरपूलवर 50 गोल झाले, सिटीवर 37. क्रिस्टल पॅलेसविरुद्धची मॅच तर त्यांचे चाहते आजही विसरलेले नाहीत. 78 मिनिटं होईपर्यंत लिव्हरपूल 3-0 ने पुढे, आणि 88 व्या मिनिटाला स्कोअर 3-3!

101 गोल म्हणजे तुमचा सेल. 50 गोल म्हणजे बुडालेली उधारी, परत आलेला माल, वाया गेलेला कच्चा माल. सेलच्या गप्पा आपण चारचौघांत मारतो, गळतीचा आकडा घरच्यांनाही सांगत नाही. फरक एवढाच.

आता 2017 मध्ये या. मॅनेजर युर्गन क्लॉप. टीम पुढे जाऊन भरपूर गोल करत होती, पण मागे तीच रड. पहिल्याच मॅचला वॉटफर्डविरुद्ध 3-3. सप्टेंबरमध्ये सिटीकडून 5-0 हार. ऑक्टोबरमध्ये टॉटनहॅमकडून 4-1. या मॅचमध्ये 12 मिनिटांतच दोन गोल झाले आणि क्लॉपने डेयान लोव्हरेन या डिफेंडरला 31 व्या मिनिटाला बाहेर बसवलं. नोव्हेंबरमध्ये सेव्हियाविरुद्ध 3-0 ची आघाडी घालवून पुन्हा 3-3.

मग चाहत्यांमध्ये वाद पेटला. एक गट म्हणायचा, लोव्हरेनला हाकला. दुसरा म्हणायचा, गोलकीपर बदला. तिसरा, कुणीही आणा पण नवीन डिफेंडर आत्ताच्या आत्ता आणा. चौथा, डिफेंडरला बोल लावू नका, त्यांच्या पुढं उभं राहून चेंडू अडवणारा मिडफिल्डरच आपल्याकडे नाही. पाचवा, चूक क्लॉपच्या पद्धतीत आहे, सगळे पुढं पळतात आणि मागचं मैदान मोकळं सोडतात.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिल्या गटाचा उपाय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा. गोल होताना जो शेवटी उभा असतो, तोच सगळ्यांना दिसतो. पण त्याआधी चेंडू कुणी घालवला, परत मिळवायला कोण धावलं नाही, बाजू कुणी मोकळी सोडली, हे बघायला मॅच मागे नेऊन बघावी लागते. ते कष्ट नकोत म्हणून आपण शेवटच्या माणसाला धरतो.

एक आकडा बघा. त्या 2017-18 च्या सीझनमध्ये लीगमध्ये लिव्हरपूलवर 38 गोल झाले. घरच्या मैदानावरच्या 19 मॅचमध्ये फक्त 10. बाहेरच्या 19 मॅचमध्ये 28. क्लब तोच, मॅनेजर तोच, खेळाडूंचा ताफा तोच! सगळी चूक एका माणसाची असती, तर ती घरीही एवढीच दिसली असती. मला यातून एवढंच कळतं की कोण चुकतंय याच्या आधी कधी आणि कुठं चुकतंय हे विचारायला हवं.

तुमच्या दुकानातही हेच करा. माल परत येतो म्हणून पॅकिंगवाल्या पोरावर ओरडण्याआधी बघा, कुठल्या दिवशीचा माल परत येतो, कुठल्या गावचा, कुठल्या गाडीने गेलेला. उधारी थकली म्हणून वसुलीला जाणाऱ्याला दोष देण्याआधी बघा, उधारी दिली कुणी, आणि किती दिवसांची दिली. वसुलीवाला हा तुमचा गोलकीपर आहे. गिऱ्हाईकाची पत न बघता माल सोडणारा तुमचा सेल्समन पुढं चेंडू घालवून बसलाय, आणि बऱ्याचदा तो सेल्समन म्हणजे आपण स्वतःच असतो.

क्लबने काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. क्लॉपला साउथॅम्प्टनचा व्हर्जिल व्हॅन डाइक हवा होता. त्याच्यामागे लागण्यावरून जून 2017 मध्ये लिव्हरपूलला साउथॅम्प्टनची जाहीर माफी मागून माघार घ्यावी लागली. चाहते म्हणाले, तो नाही तर दुसरा घ्या. क्लॉपने दुसरा घेतला नाही. जानेवारी 2018 मध्ये तोच खेळाडू साडेसात कोटी पौंडांना आणला. डिफेंडरसाठी त्यावेळी जगात मोजलेली ती सगळ्यात मोठी रक्कम. त्याच महिन्यात त्यांनी आपला लाडका फिलिप कुटिन्हो बार्सिलोनाला प्रचंड किमतीला विकला. उन्हाळ्यात गोलकीपर अॅलिसन आला, डिफेन्सच्या पुढं उभा राहणारा फाबिन्यो आला. म्हणजे दुसरा, तिसरा आणि चौथा, तिन्ही गट आपापल्या जागी थोडे थोडे बरोबरच होते. 2018-19 मध्ये लीगमध्ये फक्त 22 गोल झाले, सगळ्या टीममध्ये सर्वात कमी. त्याच वर्षी युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली आणि 2019-20 मध्ये इंग्लंडची लीगही.

इथं तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे कुठले साडेसात कोटी पौंड?" बरोबर आहे. म्हणून मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त आवडतो, ज्याची चर्चा कमी होते.

2016-17 च्या सीझनमध्ये लेफ्ट बॅकच्या जागेवर जेम्स मिलनर खेळला. तो मुळात मिडफिल्डर. काम चांगलं केलं, पण ती जागा त्याची नव्हती. आपल्याकडे हिशेब लिहिणाराच डिलिव्हरीला जातो ना, तसंच. 2017 मध्ये तिथं अँडी रॉबर्टसन आणला, साधारण 80 लाख पौंडांत, आणि तोही खालच्या लीगमध्ये घसरलेल्या हल सिटीतून. चार-पाच वर्षांपूर्वी तो स्कॉटलंडमधल्या क्वीन्स पार्क या हौशी क्लबकडून खेळत होता. उजव्या बाजूला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड, लिव्हरपूल शहरातलाच, क्लबच्या स्वतःच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला. त्याच्यासाठी एक पैसाही कुणाला द्यावा लागला नाही. डिफेन्सच्या चार जागांपैकी दोन अशा भरल्या. एक स्वस्तात, एक घरात तयार करून. म्हणूनच उरलेल्या जागेवर मोठा पैसा टाकता आला.

पण वाट बघण्याची किंमत मोजावी लागते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑगस्ट ते डिसेंबर लिव्हरपूलने जे पॉइंट्स घालवले ते परत आले नाहीत, आणि त्या सीझनला टीम चौथी आली. गोलकीपरचा निर्णय तर आणखी उशिरा झाला. मे 2018 मध्ये रिअल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लोरिस कारियसच्या दोन मोठ्या चुका झाल्या आणि 3-1 ने हार पत्करावी लागली. तिथं दुसरा गट आधीपासून ओरडत होता, आणि मला वाटतं त्यांचं ऐकायला हवं होतं.

मोठ्या क्लबला असं एक वर्ष झेपतं. तुमच्या भांडवलाला ते झेपेल का, हे बघूनच थांबायचं ठरवा. योग्य माणसाची वाट बघा, पण तोवर भोक तसंच उघडं ठेवू नका. चांगला अकाउंटंट मिळेपर्यंत रोज रात्री अर्धा तास स्वतः बसून हिशेब लिहा. नवीन उधारी बंद करायला तर कुणाला कामावर ठेवावं लागत नाही.

आता साधं गणित करा. समजा 100 रुपयांच्या विक्रीत तुमच्या हातात निव्वळ 12 रुपये राहतात. एका गिऱ्हाईकाने 6,000 रुपये बुडवले, तर ते भरून काढायला किती सेल करावा लागेल? 50,000 रुपयांचा! म्हणजे 50,000 चा माल बनवायचा, पोचवायचा, विकायचा, आणि हातात शून्य. एक गोल वाचवणं किती मोलाचं, ते यात दिसतं.

या आठवड्यात एवढंच करा. वहीचं एक पान घ्या. गेल्या तीन महिन्यांत पैसा जिथं जिथं गेला ती प्रत्येक घटना लिहा. बुडीत उधारी, परत आलेला माल, खराब झालेला माल, चुकीचं बिल. प्रत्येकीपुढं तारीख, जागा आणि त्याआधीची पायरी लिहा. कुणाचंही नाव लिहू नका. पान भरलं की एकच ठिकाण वारंवार दिसतंय का ते बघा, आणि पहिला पैसा तिथं टाका.

आणि कामावरून कुणाला काढायच्या विचारात असाल तर लोव्हरेनला आठवा. ज्याला 31 व्या मिनिटाला बाहेर बसवलं, ज्याला हाकला म्हणून लोक ओरडत होते, तोच लोव्हरेन पुढच्या मे महिन्यात व्हॅन डाइकच्या शेजारी उभा राहून चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला, आणि जुलैमध्ये क्रोएशियाकडून वर्ल्ड कपची फायनल. माणूस तोच होता. शेजारी कोण उभं आहे, एवढंच बदललं होतं.