‘म्हणे’ : मुद्रिका की क्रियापद?

मराठी समीक्षेला प्रतिमेचा सोस आहे. अभंग असो की ओवी, प्रथम तीतील उपमा-रूपके वेचावयाची, मग शेती, बाजार, संसार, पंढरीची वाट अशी त्यांची क्षेत्रे पाडावयाची आणि या वर्गीकरणाला कवीचे ‘अनुभवविश्व’ असे नाव द्यावयाचे, ही रीत आता इतकी रुळली आहे की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ती विचारावाचून गिरवतो. या रीतीच्या हाताला जे शब्द लागत नाहीत ते कवितेत नाहीतच असे धरून चालण्यात येते. ‘म्हणे’ हा अशा शब्दांतला सर्वांत ठळक शब्द होय. साडेचार हजारांच्या आसपास भरणाऱ्या तुकारामाच्या अभंगांपैकी बहुसंख्य अभंगांच्या शेवटी तो येतो, आणि वारंवार येतो म्हणूनच तो कोणाला दिसत नाही.

त्याची वासलात लावण्याची पद्धतही ठरून गेलेली आहे. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा, म्हणजे कर्तृत्वाचा शिक्का. तिचा उपयोग अभंग कोणाचा हे ठरविण्यापुरता. काव्याचा विचार शिक्क्याच्या अलीकडे संपतो. या मताला गेल्या काही दशकांत नवे पाठबळ मिळाले. मिल्मन पॅरीने १९२८ पासून होमरच्या काव्यातील ठरीव शब्दबंधांचा अभ्यास केला आणि अॅल्बर्ट लॉर्डने १९६० साली तो विचार मौखिक गायकांच्या प्रत्यक्ष परंपरेपर्यंत नेऊन भिडविला. सारख्याच छंदोबद्ध जागी सारखीच कल्पना सांगण्यासाठी येणारा शब्दगट म्हणजे सूत्र, ही पॅरीची व्याख्या. ती मराठीत आली ती मात्र निम्मी होऊन: सूत्र म्हणजे सोय, सोय म्हणजे भरती. यास्काने निपातांचा एक वर्ग ‘पादपूरण’ म्हणून वेगळा काढला होता. आपल्या समीक्षकांनी त्या वर्गात एका धातूलाही ढकलून दिले.

हे सोयीचे स्पष्टीकरण छंदाच्या कसोटीवर टिकत नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ आणि ४ अक्षरे असतात. पहिला चरण नुसता भरूनच काढावयाचा असेल तर सहा अक्षरांची मुद्रा सर्वांत सोयीची. तशा मुद्रा परंपरेत आहेतही: ‘ज्ञानदेव म्हणे’, ‘रामदास म्हणे’, आणि क्रियापदाला सर्वस्वी फाटा देणारी ‘एका जनार्दनी’. ‘तुका म्हणे’ची अक्षरे मात्र चार. ही मुद्रा चरण भरत नाही, तो अपुरा ठेवते. दोन अक्षरांची जागा उरते आणि ती प्रत्येक वेळी नव्याने भरावी लागते. जी गोष्ट प्रत्येक वेळी कवीला काम लावते तिला भरती म्हणणे हे गणिताच्याही विरुद्ध आहे.

या दोन अक्षरांत काय येते हे पाहणे उद्बोधक आहे. तेथे प्रतिमा क्वचितच येते. येतात ते ‘आता’, ‘ऐसे’, ‘येथे’, ‘देवा’, ‘माझे’, ‘नाही’, ‘होय’ असे घराघरांतले शब्द. परंतु त्यांतला प्रत्येक शब्द अभंगाला वेगळ्या दिशेने वळवितो. ‘ऐसे’ आले की म्हणण्याचा विषय मागे जातो. आधीची सर्व कडवी त्या क्रियापदाचे कर्म होतात. ‘आता’ आले की विषय पुढे सरकतो आणि आधीचे सारे केवळ पूर्वपीठिका ठरते. ‘देवा’ आले की श्रोताच बदलतो: इतका वेळ जनांना उद्देशून चाललेले बोलणे एकाएकी विठ्ठलाकडे वळते, आणि कीर्तनातला श्रोता एका खाजगी बोलण्याचा साक्षी होतो. ‘माझे’ किंवा ‘मज’ आले तर व्याकरणाचा पुरुषच पालटतो. ‘तुका’ हा तृतीय पुरुष, आणि लगेच पुढे प्रथम पुरुष. बोलणारा आपल्याला बाहेरून दाखवतो आणि त्याच चरणात परत आत शिरतो. ही बिजागरी आहे. दाराच्या नक्षीवर व्याख्याने देणाऱ्यांनी दार कशावर फिरते हे पाहिलेले नाही.

सामान्य शब्दाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला परकीयांकडून उसनी आणावयाची होती असेही नाही. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात आनंदवर्धनाने विभक्ती, क्रियापदाचे प्रत्यय, वचन, कारक, इतकेच काय निपातही व्यंजक असू शकतात असे सांगितले, कुंतकाने प्रत्ययाच्या वक्रतेला स्वतंत्र स्थान दिले. हे ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमांत असतात, पण त्यांतून रस आणि ध्वनी तेवढे उचलले जातात. प्रत्यय परीक्षेच्या बाहेर राहतो. पुढे शैलीविज्ञान आले, त्याने नियमोल्लंघनाला मान दिला आणि सरावाच्या भाषेकडे पाठ फिरविली. नियम न मोडता, उलट तो हजारो वेळा पाळून, जो शब्द काम करतो त्याला या दोन्ही घरांत जागा उरली नाही.

दुसऱ्या बाजूने समाजशास्त्रीय समीक्षेची घाई आहे. तिला नाममुद्रेत तत्काळ जात दिसते: ज्याला बोलण्याचा अधिकार नव्हता तो ‘म्हणे’ म्हणतो, ज्याला होता त्याला त्याची गरज नाही. एकनाथाची क्रियापदहीन मुद्रा आणि चोखामेळ्याची ‘चोखा म्हणे’ ही शेजारी ठेवली की हे विधान आकर्षक वाटते. पण ज्ञानदेव आणि रामदास दोघेही ‘म्हणे’ वापरतात, तेव्हा हे कोष्टक कोसळते. फरक शोधावयाचा तो क्रियापदाच्या असण्या-नसण्यात नव्हे, त्याच्या स्थानात आणि सोबतीत. जनाबाईच्या अभंगांत क्रियापद पुष्कळदा आधी येते आणि मागून येणारे नाव नामदेवाशी असलेल्या नात्याने बांधलेले असते. सोयराबाईची ओळख चोखामेळ्याच्या नात्याने दिली जाते. बोलणारी स्त्री आहे, पण वाक्यात ती षष्ठीच्या मागून येते. या पार्श्वभूमीवर बहिणाबाईची ‘बहिणी म्हणे’ ही मुद्रा विचारात घ्यावयास हवी. ब्राह्मण कुळातील या स्त्रीने तुकारामाला गुरू मानले आणि नाव आधी, क्रियापद नंतर, मध्ये कोणाची षष्ठी नाही, हीच घडण पत्करली. गुरूकडून तिने काय घेतले याची उत्तरे तिच्या आत्मचरित्रपर अभंगांच्या आशयात शोधली जातात. या दोन शब्दांच्या क्रमात ती कोणी शोधावयाची?

लेखकत्वाच्या चर्चेनेही या प्रश्नाला बगलच दिली. जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ साली उत्तरेतील भक्तिकवितेच्या संदर्भात, आणि ख्रिश्चन नोव्हेत्स्की यांनी २००३ साली नामदेवाच्या संदर्भात, मुद्रेचा अर्थ आधुनिक ग्रंथकर्तृत्वाच्या अर्थाहून वेगळा आहे हे दाखविले. हे विवेचन मोलाचे आहे. परंतु तेथेही भर नावावर आहे: ते नाव कोणाचे, त्याचा अधिकार कोणता. ज्या मराठी मुद्रेत नावाइतकीच जागा क्रियापदाने व्यापली आहे तिच्या बाबतीत एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धा चरण वाचून उठणे होय.

या दुर्लक्षाची किंमत मोठी आहे. शालेय पुस्तके, दिनदर्शिका आणि भाषणे यांतून तुकारामाच्या ओळी शेवटचे कडवे छाटून फिरतात. बोलणारा गळला की बोलणे सुभाषित होते, आणि सुभाषित कोणाच्याही तोंडी शोभते. ज्या माणसाच्या बोलण्यालाच हरकत घेतली गेली, ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याचे परंपरा सांगते, त्याच्या कवितेतून ‘बोलतो’ हे पद तेवढे वगळण्याचे काम आता त्याचे चाहते करीत आहेत. काळाचीही गफलत आहेच. जुन्या मराठीत ‘म्हणे’ हे वर्तमानकाळाचे रूप. पुढे त्याच रूपाला रीतिभूताचा अर्थ आला. आजच्या कानाला ‘तुका म्हणे’ म्हणजे ‘तुका म्हणत असे’. समोर उभा राहून बोलणारा कवी अशा रीतीने आठवणीतला पुरुष होऊन बसतो. दिलीप चित्रे यांनी १९९१ साली आपल्या इंग्रजी अनुवादाला ‘सेज तुका’ असे शीर्षक दिले, त्यात वर्तमानकाळ टिकला आणि क्रियापद पहिल्या जागी आले. मराठी समीक्षकाने गाळलेला शब्द अनुवादकाने मुखपृष्ठावर नेला.

शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी १८६९ ते १८७३ या काळात गाथेची आवृत्ती सिद्ध केली. तेव्हापासून गाथा चाळणाऱ्याच्या मदतीला असते ती अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची. ‘तुका म्हणे’नंतरची दोन अक्षरे तीत सापडत नाहीत. संगणकावर आलेल्या संहितेतून ती एका दुपारी काढता येतील, जे. एफ. बरोज यांनी १९८७ साली जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतील अतिसामान्य शब्दांची गणना करून पात्रापात्रांच्या बोलीतील भेद दाखविले, त्यासाठी त्यांना याहून पुष्कळ अधिक कष्ट पडले असतील. मोजल्यानंतर मात्र प्रत्येक ‘आता’ आणि प्रत्येक ‘ऐसे’ त्याच्या अभंगात परत नेऊन वाचावे लागेल.