पाच वाजताची भूक आणि कच्च्या नूडल्स

मैत्रिणींनो, नूडल्स शिजवून खायच्या असतात असं आपल्याला वाटतं. पोरांना ते मुळीच मान्य नाही! शाळा सुटल्यावर नरडाण्याच्या कुठल्याही किराणा दुकानासमोर उभं राहून बघा. पाकीट घ्यायचं, दोन्ही हातांनी चुरडायचं, कोपरा फाडून मसाल्याची पुडी त्यातच रिकामी करायची, खळखळ हलवायचं आणि घरी पोचेपर्यंत फस्त! काही घरांत याच चुऱ्याची कांदा, टोमॅटो, लिंबू घालून भेळ होते. कुणी मटकीच्या उसळीवर फरसाणाऐवजी हा चुरा टाकतं, तर कुणी उरलेल्या शिजलेल्या नूडल्स बेसनात कालवून धिरडी घालतं.

यावर आपलं वाक्य ठरलेलं असतं, "कच्चं खाऊ नको, पोट दुखेल!" पण खरं सांगायचं तर त्या कच्च्या नसतातच. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी या झटपट नूडल्स बाजारात आणल्या. मैद्याच्या शेवया आधी वाफवायच्या आणि मग तेलात तळायच्या, ही त्यांची युक्ती. तळताना आतलं पाणी उडून जातं, बारीक छिद्रं पडतात आणि उकळतं पाणी त्या छिद्रांतून शिरलं की शेवया मऊ होतात. म्हणजे पोरं खातात तो तळलेला पदार्थच आहे. जपानमध्ये तर १९५९ पासूनच अशा कोरड्या नूडल्सचा चुरा खाऊ म्हणून विकला जातो. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे 'वाय वाय' नूडल्स कोरड्याच, कांदा-मिरची घालून चाटसारख्या खातात. आपल्याकडे १९८३ च्या सुमाराला मॅगी आली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या.

आणि अर्धवट पदार्थ खाण्यात आपण खान्देशी बायका कुठे मागे आहोत? उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजला की तेल घालून ताटलीभर चीक आधी पोटात जायचा, मग सोऱ्या हातात यायचा. उडदाच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाल्ल्याशिवाय पापड लाटणं पुरं होतं का? त्यामुळे पोरांच्या या उद्योगाला नाकं मुरडायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काळजीचं काय? काळजी आहे ती त्या भुकेची. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो. नववीत गेल्यावर तो बंद. नववी-दहावीची पोरगी सकाळी चहा-पोळी खाऊन निघते, डबा नेला तर नेला. पाचला घरी येऊन म्हणते, "माय, भूक लागनी!" तेव्हा माय कापसाच्या शेतात असते, नाहीतर एमआयडीसीतल्या कामावरून परत यायची असते. घरात सहज हाताला लागेल असं काय असतं? पाकीट! महाराष्ट्रात या वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. वाढत्या वयाची, पाळी सुरू झालेली मुलगी रोजची ही वेळ नुसत्या मैद्यावर काढते, हे मला जास्त टोचतं.

बंदी घालून हे सुटत नाही. जून २०१५ मध्ये शिसं आणि लेबलच्या प्रश्नावरून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगी बाजारातून काढायला लावली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नोव्हेंबरात ती परत आली. मधल्या काळात पाकीट नव्हतं, पण पाच वाजताची भूक होतीच ना?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पोरांच्या हातातलं पाकीट हिसकावू नका, त्यात भर घाला. नूडल्सचा चुरा थोड्या तेलात परतून त्यात मूठभर शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता घाला, चिवडा तयार. भेळ करायची तर निम्मी मोड आलेली मटकी वाफवून घाला आणि वरून लिंबू पिळा. लिंबामुळे मटकीतलं लोह अंगाला चांगलं लागतं. मसाल्याची पुडी मात्र अर्धीच वापरा. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, तर मीठ झालं अडीच ग्रॅम. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग लहानांनी अख्खी पुडी चाटावी का?

दुसरी गोष्ट कुरडईची. आपण ती तळतो, सणावाराला, पाहुणे आले की. पण कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन तिची भाजी केली तर ती आपली गावरान नूडल्सच की! वरून दाण्याचा कूट आणि कोथिंबीर. कुरडईत मीठ असतं, वरून घालताना जपून. आता कुरडई म्हणजे अमृत, असंही मी म्हणणार नाही. गव्हाचा कोंडा काढून उरलेला तो चीकच, त्यात ताकद कमीच. पण ती आधी तळलेली नसते आणि खारट पुडीही सोबत नसते. कूट, मटकी, भाजी सोबत आली की पोटाला आधार होतो. आमच्या बचत गटांनी कुरडया किलोने विकण्याबरोबरच एका पोराला पुरेल एवढं पाकीट करून, सोबत कुटाची पुडी देऊन दुकानात ठेवायला काय हरकत आहे? अन्न परवान्याची नोंदणी तेवढी करून घ्यायची.

आणि हो, एक बघितलंत का? ज्या घरात मुलगा पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाही, त्या घरात तो नूडल्स मात्र स्वतः करतो. गॅस पेटवायला आलंच आहे, तर कांदा चिरायला, मटकी भिजवायला आणि बहिणीसाठीही एक ताटली भरायला त्याला शिकवा. आज रात्री झोपण्यापूर्वी वाटीभर मटकी भिजत घाला आणि ती उपसून मोड आणायला बांधायचं काम त्याच्याकडे द्या. बघा, पटतंय का!