पोस्टवरून पारख

परवा दुपारी आमच्या शिरूरच्या आळीतल्या एक ताई घरी आल्या. त्यांच्या पुतण्याचं स्थळ मीच माझ्या नणंदेच्या मुलीसाठी, दौंडच्या आमच्या भाचीसाठी सुचवलं होतं. मुलगा रांजणगावला एमआयडीसीत कामाला. पत्रिका जुळली होती, कांदेपोह्यांची तारीख तेवढी ठरायची होती. चहाचा कप खाली ठेवत ताई म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका, पण मुलगी जरा भांडखोर वाटते."

मी चाटच पडले. त्यांनी मुलीला अजून पाहिलंही नव्हतं!

"आमच्या धाकट्यानं तिचं फेसबुक काढलं ना. तीन वर्षांचं सगळं वाचलं."

भाची रोज दौंडहून रेल्वेनं पुण्याला नोकरीला जाते. बायकांच्या डब्यात पुरुष चढतात आणि कुणी हटकत नाही, असं तिनं दोनदा लिहिलं होतं, जरा तिखट शब्दांत. आजीच्या आजारपणात रात्र रात्र जागली, त्याबद्दलही पानभर लिहिलं होतं. ते धाकट्यानं वाचलं असेलच, पण ताईंपर्यंत पोचलं ते फक्त डब्याचं भांडण.

लिहिण्यावरून स्वभाव कळतच नाही, असं मी म्हणणार नाही. थोडा कळतो. 2013 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 75 हजार लोकांचं फेसबुकवरचं लिहिणं कॉम्प्युटरकडून तपासून घेतलं. बोलक्या स्वभावाची माणसं 'पार्टी'सारखे शब्द जास्त वापरतात, तर अबोल माणसांच्या लिहिण्यात कॉम्प्युटर, इंटरनेट जास्त येतं, असं त्यांना दिसलं. 2015 साली केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तर नुसत्या 'लाइक'वरून अंदाज बांधले. दहा लाइक मिळाले की कॉम्प्युटरचा अंदाज ऑफिसातल्या सहकाऱ्यापेक्षा सरस, आणि तीनशे मिळाले की चक्क नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बरोबरीचा! (आमच्या ह्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, मग मला कशाला विचारतेस.)

पण मैत्रिणींनो, त्या लोकांनी आधी स्वतःहून स्वभावाची प्रश्नावली भरून दिली होती, आणि निष्कर्ष निघाले ते हजारो माणसांच्या सरासरीवरून. एकीच्या दोन पोस्टींवरून नव्हे. शिवाय ते बहुतेक सगळं इंग्रजीतलं. 'मी' किती वेळा लिहिलं यावरून इंग्रजीत म्हणे बरंच कळतं. आपण मराठीत 'मी' गाळून नुसतं 'गेले', 'आले' लिहितो. तिथं काय मोजणार? आणि आलेला मेसेज पुढे ढकलायची आपली सवय! त्यात स्वभाव दिसलाच तर तो दुसऱ्याचाच.

यावरून मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्या. केडगाव दौंड तालुक्यातलंच, त्यांचं मुक्ती मिशन तिथं आजही आहे. त्याआधी 1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्माच्या प्रश्नांवर त्यांची पत्रांतून वादावादी चाले. सांगितलं ते मुकाट मान्य करणं रमाबाईंना जमायचं नाही. जेराल्डिनबाईंना त्या पत्रांत हट्ट आणि गर्व दिसला. ती पत्रं 1977 साली पुस्तकरूपानं छापली गेली, आणि आज वाचणाऱ्याला त्याच ओळींत स्वतंत्र बुद्धीची बाई दिसते. अक्षरं तीच. आणि जेराल्डिनबाई तर रमाबाईंना जवळून ओळखत होत्या, त्यांच्यावर माया करत होत्या! आमच्या ताईंच्या धाकट्यानं तर भाचीला बघितलेलंही नाही.

मी ताईंना म्हटलं, "बरं, मुलाचं फेसबुक बघू?" त्यांनी कौतुकानं दाखवलं. गुलाबाची फुलं घातलेलं 'शुभ सकाळ', कुणाकुणा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, बैलगाडा शर्यतीचे फोटो. स्वतःचं एक वाक्य नाही. ताई म्हणाल्या, "आमचा मुलगा तसा शांत आहे." असेलही. पण तो लिहीत नाही म्हणून शांत, आणि ही लिहिते म्हणून भांडखोर, हा कुठला हिशेब? चौकशी करायचीच, मीही माझ्या लेकीसाठी केली. पण शेजारी विचारावं, नोकरीच्या ठिकाणी विचारावं, आणि मुलाचीही तेवढ्याच बारकाईनं करावी. डब्याबद्दल काही खटकलं असेल तर तिलाच विचारावं की, बाई, काय झालं होतं.

रात्री भाचीचा फोन आला. तिच्या कानावर गेलंच होतं. "मामी, काढून टाकू का ते?" मागून नणंद ओरडत होती, "काढ, आधी काढ." मला क्षणभर काही सुचेना. नणंदेचं काळीज मला कळतं, स्थळ चांगलं आहे. पण आज ते काढलं, तर उद्या डब्यात कुणी धक्का मारला तेव्हा ही पोर तोंड उघडेल का, हेही मनात आलं. "राहू दे," मी म्हटलं, "आणि आजीबद्दलचंही राहू दे."

दुसऱ्या दिवशी ताईंकडे जाऊन म्हटलं, मुलामुलीला अर्धा तास समोरासमोर बोलू द्या, मग काय ते ठरवा. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मुलाला विचारते. मुलगा हो म्हणाला. रविवारी चौफुल्याला भेटायचं ठरलंय. शिरूरकरांना न्हावऱ्यावरून येता येतं आणि दौंडकरांनाही लांब पडत नाही.