वेगाला नको, जुळणीला बक्षीस द्या

रिमोटवर चालणाऱ्या विजेरी होड्यांच्या शर्यती आता अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत होतात, आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही अशा होड्या दिसू लागल्या आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण परीक्षक म्हणून टेबलामागे बसलो की एक गोष्ट सारखी खटकते. बहुतेक ठिकाणी नियम एकच असतो: जी होडी आधी पोहोचेल ती पहिली. हा नियम बदलला पाहिजे. त्यामुळे मुलं मोठी मोटर आणि जबर बॅटरी विकत आणायला शिकतात. मोटर, शाफ्ट आणि पंखा यांचं गणित, म्हणजे या छंदातला खरा अभ्यास, तसाच राहून जातो.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. राहतो रत्नागिरीत. मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं, गियरबॉक्स, शाफ्ट आणि पंखे यांची कामं अगदी जवळून पाहिली, काही स्वतःच्या हातानं केली. निवृत्तीनंतर आसपासच्या शाळांतली मुलं होड्या घेऊन माझ्याकडे येतात. त्यातली एक होडी इथे सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

नववीतल्या एका मुलीनं ट्रॉलरची प्रतिकृती केली होती. १५ मीटरची बोट, प्रमाण एकास पंचवीस, म्हणजे प्रतिकृती ६० सेंटिमीटर लांब. प्लायवूडचा सांगाडा, वरून फायबर, रंगकाम नेटकं. आत ५५० आकाराची मोटर थेट शाफ्टला जोडलेली, टोकाला ३५ मिलिमीटरचा दोन पात्यांचा प्लॅस्टिकचा पंखा. बॅटरी ७.२ व्होल्टची, ३००० मिलिअँपिअर-तासांची. पाण्यात सोडली की मागे पांढरा फेस उठायचा, नाळ वर उचलायची, आवाज मोठा यायचा आणि होडी मात्र बेतानंच पुढे जायची. पाव तासात बॅटरी संपायची आणि मोटरला हात लावता यायचा नाही. ज्यांना ज्यांना तिनं विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला: मोठी मोटर घाल, नाहीतर तीन सेलची लिथियम बॅटरी लाव.

आम्ही आधी मोजमाप केलं. बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर यांच्या मधे वॉटमीटर जोडला, होडी परसातल्या हौदात दोरीनं धरून ठेवली आणि पूर्ण वेग दिला. मीटरवर १२ अँपिअरच्या आसपास आकडा आला, म्हणजे सुमारे ८५ वॉट. एवढीशी होडी ८५ वॉट खात होती, आणि त्यातला मोठा वाटा मोटर तापवण्यात आणि पाणी घुसळण्यात जात होता.

इथे पंख्याचं गणित समजून घ्यायला हवं. एकाच घाटणीच्या पंख्याला लागणारी ताकद त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात. फेऱ्या तेवढ्याच ठेवून ३५ मिलिमीटरऐवजी ४० मिलिमीटरचा पंखा लावला, तर फक्त ५ मिलिमीटरच्या फरकानं भार जवळजवळ दुप्पट होतो. दोन सेलची लिथियम बॅटरी काढून तीन सेलची लावली की व्होल्ट दीडपट होतात. फेऱ्याही तितक्याच वाढायच्या असतील तर ढोबळमानानं तिपटीहून जास्त ताकद लागेल. ती ताकद त्या मोटरमध्ये नसते. मग वायंडिंग जळतं, कंट्रोलर जातो, आणि मुलाला वाटतं माल खराब होता. पाचवा घात फळ्यावर लिहिलेला विसरला जातो. पंखा बदलल्यावर मीटरचा काटा कसा उडी मारतो हे ज्या मुलानं एकदा पाहिलं, ते तो जन्मात विसरत नाही.

तिची मोटर आम्ही तीच ठेवली. बदल केला तो मोटरनंतरच्या भागात. तीनास एक गियर बसवला, म्हणजे मोटरच्या तीन फेऱ्यांना शाफ्टची एक फेरी. लहान पंख्याला भन्नाट फिरवण्याऐवजी मोठ्या पंख्याला संथ फिरवायचं ठरवलं. ट्रॉलरच्या पिछाडीला सुकाणूपुढे भरपूर मोकळी जागा असते. ती मोजून, पात्याचं टोक तळाला लागणार नाही एवढं अंतर राखून, ४५ मिलिमीटरचा तीन पात्यांचा पितळी पंखा बसवला. चढावर सायकल खालच्या गियरला टाकल्यावर पायाला जो आराम मिळतो, तोच आता मोटरला मिळाला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शाफ्ट एका रेषेत आणण्यात. मोटरचा शाफ्ट आणि पंख्याचा शाफ्ट यांत केसाएवढा तिरकेपणा राहिला तरी कपलिंग खडखडतं, बुश झिजतो आणि अँपिअर विनाकारण वाढतात. यासाठी एक साधी युक्ती आहे. कपलिंगच्या जागी दोन्ही शाफ्टांवर घट्ट बसेल अशी पितळेची सरळ नळी घालायची, त्या स्थितीत मोटरचा पाया चिकटवायचा, इपॉक्सी पूर्ण सुकू द्यायचं आणि मग नळी काढून खरं कपलिंग लावायचं. नंतर शाफ्टच्या नळीत ग्रीस भरायचं. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं आणि पाणीही आत चढत नाही. त्या मुलीनं चिमटीत शाफ्ट धरून फिरवला. एका जागी किंचित अडकत होता. तिनं पाया सोडवला, कागदाची पट्टी सरकवून उंची बदलली आणि सगळं पुन्हा चिकटवलं. शाफ्ट बोटांखाली मोकळा फिरेपर्यंत ती उठली नाही.

नव्या मापात पूर्ण वेगाला सुमारे ३ अँपिअर आले, म्हणजे २१ वॉटच्या आसपास. तीच बॅटरी आता तासभर पुरणार होती. आणि वेग? तो कमी झाला नाही. ६० सेंटिमीटर लांबीची, पाणी बाजूला सारत जाणारी होडी सेकंदाला साधारण एक मीटरच्या पुढे गेली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे घातलेली बहुतेक ताकद लाटा मोठ्या करण्यात खर्च होते. मोठ्या मोटरनं तिथे काहीच साधलं नसतं.

हा शोध मुळात प्रतिकृतींनीच लागला. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८६० च्या दशकात ‘स्वॅन’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन घाटांच्या होड्या लहान-मोठ्या आकारांत करून पाण्यात ओढून पाहिल्या. पुढे ब्रिटिश नौदल खात्याच्या मदतीनं टॉर्कीजवळ त्यानं चाचणीचा हौद बांधला. १८७२ मध्ये तिथे काम सुरू झालं. त्याच्या नियमानुसार प्रतिकृतीचा वेग काढायचा तर खऱ्या बोटीच्या वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळानं भागायचं. पंचविसाचं वर्गमूळ पाच. खरा ट्रॉलर १० नॉटनं जात असेल तर आपली होडी २ नॉटनं, म्हणजे सेकंदाला एक मीटरनं गेली पाहिजे. त्या मुलीची होडी आता बरोबर तेवढ्या वेगानं चालते. शर्यतीत मात्र ती शेवटून पहिली येईल, आणि सध्याच्या नियमात तिला शून्य गुण मिळतील. माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

कोणी म्हणेल, खेळण्यातल्या होडीचं एवढं काय मनावर घ्यायचं? मिरकरवाड्याला या आणि बघा. मालक जादा अश्वशक्तीचं इंजिन बसवतो आणि जुना पंखा तसाच ठेवतो, किंवा शेजारच्या बोटीला चालला म्हणून तोच पंखा आपल्या बोटीला लावतो. भार जास्त झाला की इंजिनाला पुऱ्या फेऱ्या मिळत नाहीत आणि धुरांड्यातून काळा धूर येतो. भार कमी पडला की फेऱ्या होतात, पण ओढ लागत नाही. दोन्हीकडे डिझेल जातं. मासेमारी बोटींना सरकार डिझेलवरच्या कराचा परतावा देतं आणि तो वेळेवर मिळावा म्हणून मच्छीमारांना सतत मागणी करावी लागते. त्यांची मागणी रास्तच आहे. पण चुकीच्या पंख्यापायी जळलेल्या डिझेलचा परतावा कोणतंही सरकार देऊ शकत नाही. ते डिझेल वाचवायला जुळणी समजणारा कारागीर लागतो.

पुढच्या काळात हे ज्ञान आणखी लागेल. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौरविजेवरची फेरीबोट चालते. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. डिझेलची टाकी आकारानं वाढवता येते. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, वजनानं बोट खोल बसते आणि आणखी ताकद मागते. म्हणून विजेच्या बोटीत एकेका वॉटचा हिशेब आधी मांडावा लागतो. आपल्या खाड्यांत अशा बोटी येतील तेव्हा त्या सांभाळणारी माणसं रत्नागिरी, मालवण, अलिबागचीच असावीत असं मला वाटतं, आणि ती आज आठवी-नववीत आहेत.

म्हणून आयोजकांना माझी ठोस सूचना आहे. सर्व संघांना सारखीच बॅटरी आयोजकांनीच द्यावी. होडीत ठरावीक वजन ठेवावं, कारण खरी बोट रिकामी जात नाही. पहिल्या फेरीत ठरलेलं अंतर कापायला किती वॉट-तास लागले ते मोजावं. मग संघांना दोन तास द्यावेत. त्या वेळात त्यांनी पंखा बदलावा, गियर बदलावा, शाफ्ट सरळ करावा, सुकाणू घासावं, काय हवं ते करावं, फक्त बॅटरी आणि मोटर तीच राहील. दुसरी फेरी त्यानंतर घ्यावी. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत ज्याची होडी सर्वांत जास्त सुधारली त्याला पहिलं बक्षीस द्यावं, आणि निम्मे गुण वहीला: काय मोजलं, काय बदललं, का बदललं. अशा नियमात महागडी होडी आणणाऱ्याला आपोआप फायदा मिळत नाही. भंगारातून मोटर काढून आणलेलं पोरही जिंकू शकतं.

यावर आक्षेप ठरलेला असतो: वेग नसेल तर मुलं येणार नाहीत, प्रेक्षकही थांबणार नाहीत. वेगाचं आकर्षण मलाही मान्य आहे. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या सपाट तळाच्या होड्यांचं शास्त्र वेगळं आणि तितकंच कसोटीचं आहे, त्यांच्या शर्यती जरूर व्हाव्यात. पण तिथेही ऊर्जेला मर्यादा असावी. ‘नाविगा’ या प्रतिकृती-होड्यांच्या जागतिक संघटनेच्या शर्यतींत विजेरी होड्यांच्या काही गटांत बॅटरीच्या वजनावर बंधन असतं. त्यामुळे तिथला वेग जुळणीतून कमवावा लागतो. शिवाय अमर्याद लिथियम बॅटरी मुलांच्या हाती देणं धोक्याचंही आहे. फुगलेला किंवा टोचला गेलेला सेल पेट घेऊ शकतो. चार्जिंगजवळ मोठं माणूस हवंच.

दुसरा आक्षेप पैशाचा. देशात दहा हजारांहून अधिक अटल टिंकरिंग लॅब आहेत आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा झाली. या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर येतो, तो आला पाहिजेच. पण त्याच्या शेजारी एक वॉटमीटर, दोन-चार मापांचे पंखे, वेगवेगळ्या दातांची गियरचाकं आणि पाण्यानं भरलेली मोठी टाकी हवी. याला प्रिंटरच्या किमतीचा लहानसा अंशही लागत नाही. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती करण्याची परंपरा जुनी आहे, तिथल्या कॅडेटांची आणि प्रशिक्षकांची मदत शाळांना घेता येईल. आयटीआयच्या निदेशकांनी महिन्यातला एक शनिवार दिला तर आणखी उत्तम. माझा शनिवार मी आधीच देऊन बसलो आहे.

या हंगामाच्या प्रदर्शनांची नियमपत्रकं अजून छापायची असतील. त्यांत दुसरी फेरी आणि वॉट-तासांचा रकाना एवढंच वाढवा. जिंकण्यासाठी मोजावं लागेल असा नियम केलात, की मुलं मोजायला शिकतील. आणि मोजायला शिकलेलं पोर उद्या मालकाला ‘मोठं इंजिन घ्या’ म्हणायच्या आधी पंख्याचं माप विचारेल.